बॅटरीपुरतीच काटकसर का?

लॅपटॉपवर काम करताना कोपऱ्यातील बॅटरीच्या चित्राकडे आपले लक्ष कसे असते ते आठवून पहा. बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असताना तिकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ती चाळीसवर आली की एखादा कटाक्ष जातो. वीसवर आली की धावपळ सुरू होते. पडद्याचा उजेड कमी केला जातो, नको असलेले कार्यक्रम बंद केले जातात, बॅटरी सेव्हर चालू होतो. पुष्कळ यंत्रांत तर तो या टप्प्यावर आपोआपच चालू होतो. मग कोणीतरी चार्जर आणून देतो. एकदा पिन खोचली की पडदा पुन्हा लख्ख उजळतो, आतला पंखा घोंघावू लागतो आणि काटकसरीचा कार्यक्रम तिथेच संपतो.

या शेवटच्या गोष्टीबद्दल मला आज तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. बॅटरीतील वीज मोजकी आणि भिंतीतील वीज अमर्याद, असे आपण मनाशी धरून चाललो आहोत. आपणच नव्हे, यंत्रे बनविणाऱ्यांनीही तसेच धरले आहे; म्हणून तर पिन खोचताच बॅटरी सेव्हर आपणहून रजा घेतो. बॅटरीचा साठा डोळ्यांना दिसतो, टक्क्यांत मोजता येतो, म्हणून तो जपायचा. भिंतीमागचा साठा दिसत नाही, म्हणून तो उधळायचा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे शोभत नाही. माझे म्हणणे असे, की काटकसरीची सोय भिंतीतून वीज घेतानाही चालूच असावी. मात्र ती डोळे मिटून नको. कोठे किती वाचते याचा हिशेब करून हवी.

भिंतीच्या मागे काय आहे?

आम्हा कोराडीकरांना भिंतीमागचा साठा दिसतो. नागपूरच्या उत्तरेला असलेल्या या गावी नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला लांबून लोक येतात, आणि त्यांना दुरूनच औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. हे केंद्र जुने आहे. त्याचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. त्या काळातील लहान संच पुढे निवृत्त झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच सुरू झाले. कोळसा येतो, दळला जातो, जळतो. पाण्याची वाफ होते. वाफेने टर्बाइन फिरते. टर्बाइनबरोबर जनित्र फिरते. तुमच्या पाठ्यपुस्तकातील आकृती येथे प्रत्यक्ष उभी आहे.

त्या आकृतीत न दाखविलेल्या दोन गोष्टीही येथे आहेत. पहिली म्हणजे पाणी. वाफ थंड करण्यासाठी मनोऱ्यांतून जे पाणी हवेत जाते, ते धरून अशा केंद्राला एका युनिटमागे ढोबळ मानाने तीन लिटर पाणी लागते. एवढे पाणी आणायचे कोठून? नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून ते कोराडीच्या केंद्राला देण्याची योजना यातूनच निघाली. पिण्याचे पाणी वाचविणारी ही चांगली योजना आहे. पण तिची गरज पडावी, यावरूनच विजेला किती पाणी लागते ते कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे राख. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ, साधारण तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे तीन वाघिणी कोळसा जाळला की सुमारे एक वाघीण राख उरते. यातली काही राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते. उरलेली पाण्यात कालवून बंधारा घातलेल्या मोठ्या तळ्यांत सोडतात. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बंधारा फुटला आणि राख मिसळलेले पाणी आसपासच्या गावांत व शेतांत शिरले. ज्यांच्या शेतावर ती राख पसरली, त्यांनी ती वीज वापरली होती असे मुळीच नाही. ती कोणी कोठे वापरली हे कोणालाही सांगता येणार नाही. वीज तारेतून शेकडो किलोमीटर दूर जाते. राख मात्र जेथल्या तेथे राहते.

म्हणून भिंतीतील वीज अमर्याद आहे असे म्हणणाऱ्याला मी म्हणेन, साठा आहे, तो संपतोही, आणि त्याचा हिशेब टक्क्यांऐवजी किलोग्रॅममध्ये मांडता येतो. तो आता मांडू या.

एका युनिटचा हिशेब

एक किलोवॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. कोळशातील उष्णतेचे १०० भाग केले असे समजा. आधुनिक संचात त्यांपैकी सुमारे ३८ भागांचीच वीज होते. उरलेली उष्णता मुख्यतः थंड करणाऱ्या पाण्याबरोबर आणि काही धुराबरोबर निघून जाते. यात अभियंत्यांचा दोष नाही. उष्णतेचे पूर्णपणे कार्यात रूपांतर करता येत नाही, हा ऊष्मागतिकीचा नियमच आहे. या ३८ भागांपैकी दोनेक भाग केंद्रातील पंप, पंखे आणि कोळशाच्या चक्क्या खातात. राहिले ३६. लांबच्या तारा, रोहित्रे आणि गल्लीबोळातील जोडण्या यांत आणखी पाच-सहा भाग जातात. तुमच्या मीटरपर्यंत पोहोचतात सुमारे ३०. लॅपटॉपचा चार्जर हाताला कोमट लागतो ना? तो कोमटपणा म्हणजे आणखी तीन-चार भाग. लॅपटॉपच्या पोटात पडतात सुमारे २६.

म्हणजे मूळ उष्णतेचा साधारण पाव भाग! हाच आकडा उलटा करून वाचा. साखळीच्या या टोकाला एक भाग वाचला, तर त्या टोकाला चार भाग वाचतात. बचतीची जागा म्हणून शेवटचे टोक इतके मोलाचे आहे, ते यामुळे.

आता हाच हिशेब वजनात करू. आपल्या कोळशाच्या एका किलोग्रॅममध्ये अंदाजे सव्वाचार युनिट इतकी उष्णता असते. मीटरवर एक युनिट यायचे तर सुमारे ३.३ युनिट उष्णता हवी. भागाकार करा, उत्तर येते पाऊण किलोच्या थोडे वर. तेव्हा एवढे पाठ करून ठेवा, की कोळशाच्या विजेचे एक युनिट म्हणजे पाऊण किलो कोळसा, पाव किलो राख आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड. सगळीच वीज कोळशाची नसते, हे खरे. पाणी, वारा, सूर्य आणि अणुऊर्जा यांचाही वाटा आहे, आणि दिवसा सूर्याचा वाटा वाढत चालला आहे. पण आजही देशातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशापासूनच येते. तुम्ही रात्री अभ्यासाला बसता तेव्हा तर सूर्य मावळलेलाच असतो.

यंत्र काटकसर करते म्हणजे काय करते?

लॅपटॉपमध्ये काटकसरीचे तीन मार्ग आहेत. पहिला पडद्याचा. साध्या कामात लॅपटॉपला लागणाऱ्या विजेचा बराच मोठा वाटा पडद्यामागच्या दिव्यांचा असतो. उजेड निम्म्यावर आणला तर डोळ्यांना त्रास न होता दोन-तीन वॅट सहज वाचतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पडद्यावर मासे पोहताना दाखविणारा किंवा रंगीत नक्षी फिरविणारा स्क्रीनसेव्हर वीज वाचवीत नाही. तो जुन्या काचेच्या पडद्यांवर डाग पडू नयेत म्हणून आला होता. नक्षी फिरते आहे, म्हणजे पडदा जळतो आहे आणि प्रोसेसरही राबतो आहे.

दुसरा मार्ग प्रोसेसरचा, आणि यात भौतिकशास्त्राची गंमत आहे. प्रोसेसरमध्ये अब्जावधी अतिसूक्ष्म स्विच असतात. प्रत्येक स्विच म्हणजे जणू एक चिमुकले धारित्र. ते एका सेकंदात अब्जावधी वेळा भरते आणि रिकामे होते. धारित्रातील ऊर्जा विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही बारावीत शिकाल. म्हणून प्रोसेसरला लागणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते: ठोक्यांची वारंवारता आणि विभवांतराचा वर्ग. काटकसरीच्या स्थितीत यंत्र ठोके मंद करते. आणि ठोके मंद केले की कमी विभवांतरावरही काम भागते, म्हणून तेही उतरविते.

एक उदाहरण घेऊ. ठोके निम्मे केले आणि विभवांतर १.२ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आणले. ०.९ भागिले १.२ म्हणजे ०.७५, त्याचा वर्ग ०.५६, त्याच्या निम्मे ०.२८. म्हणजे शक्ती जवळजवळ एक चतुर्थांश झाली. वेग निम्माच घटला, खर्च मात्र पाऊणपटीने घटला! जादू आहे ती त्या वर्गात.

तिसरा मार्ग झोपेचा, आणि हिशेबाला सर्वांत भारी हाच. स्लीप या स्थितीत प्रोसेसर, पडदा आणि डिस्क बंद होतात. फक्त स्मृती जागी राहते. तिला जागे ठेवावेच लागते, कारण तीही चिमुकल्या धारित्रांचीच बनलेली असते आणि त्यांतील विद्युतभार सतत गळत असतो. म्हणून दर सेकंदाला पंधरा-सोळा वेळा तो पुन्हा भरावा लागतो. या कामाला एक-दोन वॅट पुरतात. हायबरनेट या स्थितीत स्मृतीतील सारा मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतात आणि स्मृतीलाही निजवितात. मग खर्च जवळजवळ शून्यावर येतो. दुपारी जेवायला जाताना स्लीप आणि रात्री निजताना हायबरनेट, असा साधा नियम ठेवता येईल.

या सोयी आपोआप आलेल्या नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह सुरू केले, आणि ते पहिल्यांदा दिले संगणक व मॉनिटर यांनाच. काम नसताना झोपी जाणाऱ्या यंत्रालाच ते मिळे. पुढे १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी संगणकाच्या निद्रावस्थांचे एक सामाईक मानक ठरविले. आज लॅपटॉपचे झाकण मिटताच तो झोपतो, त्यामागे हा इतिहास आहे. माणसांनी खपून केलेली ही सोय आपण फक्त बॅटरी संपत आली की वापरावी, हे काही बरे नाही.

हळू म्हणजे नेहमीच कमी नव्हे

आता दुसरी बाजू. माझेच म्हणणे मी तपासून पाहतो. वीजबिल शक्तीवर आकारले जात नाही. ते ऊर्जेवर, म्हणजे शक्ती गुणिले वेळ यावर आकारले जाते. यंत्र मंद केले तर काम उरकायला वेळ जास्त लागेल. मग बचत कसली?

समजा, पूर्ण वेगात प्रोसेसर १२ वॅट घेतो आणि पडदा, डिस्क वगैरे बाकीचे सर्व मिळून ८ वॅट घेतात. एखादी मोठी चित्रफीत तयार करायला एक तास लागला, तर खर्च २० वॅट-तास. आता काटकसरीच्या स्थितीत प्रोसेसर सुमारे ३.४ वॅट घेईल. पण काम दोन तास चालेल, आणि ते दोन्ही तास बाकीच्यांचे ८ वॅट चालूच राहतील. ११.४ गुणिले २ म्हणजे जवळजवळ २३ वॅट-तास. पहा, काटकसरीने खर्च वाढला! अशा कामाला शहाणपणाचा मार्ग उलटा असतो. पूर्ण वेगाने काम उरकावे आणि यंत्राला ताबडतोब झोपवावे.

पण विचार करा, असे काम तुम्ही महिन्यातून किती वेळा करता? तुमचा बहुतेक वेळ वाचण्यात, टंकलिखाणात आणि पाठाची चित्रफीत पाहण्यात जातो. त्या वेळी यंत्र तुमची वाट पाहत असते. तासाभराचा पाठ तासभरच चालतो. प्रोसेसर धावला म्हणून तो लवकर संपत नाही. अशा कामात वेळ तुमच्या हाती असतो, यंत्राच्या नव्हे. तेथे पडद्याचा मंद उजेड, मागे चाललेल्या बिनकामाच्या कार्यक्रमांना लगाम आणि झटपट झोप या तिन्ही गोष्टींची बचत निव्वळ पदरात पडते.

आणखी एक शंका हमखास येते. यंत्र पुन्हा जागे करायला जास्त वीज लागते, मग झोपवायचे कशाला? हेही मोजून पाहू. जागे होताना दहा सेकंद २० वॅट लागले असे धरा. झाले २०० ज्यूल. जागेपणी नुसते बसून राहिलेले यंत्र १० वॅट खाते आणि झोपेत १ वॅट. म्हणजे दर सेकंदाला ९ ज्यूल वाचतात. २०० भागिले ९ म्हणजे सुमारे बावीस सेकंद. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ उठून जाणार असाल, तर झोपविण्यातच फायदा आहे.

थेंबाथेंबाचा प्रश्न

‘एका लॅपटॉपने असे काय होणार?’ हा प्रश्न माझे विद्यार्थी मला विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. चार्जर लावलेला असतानाही काटकसर चालू ठेवून रोज चार तासांत सरासरी १० वॅट वाचले असे धरले, तरी वर्षाच्या ३०० दिवसांत १२ युनिट वाचतील. म्हणजे ९ किलो कोळसा आणि ३ किलो राख. दीड किलोवॅटचे वातानुकूलन यंत्र आठ तास चालले की एवढी वीज एका रात्रीत खर्च होते. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या एका संचाइतकी बचत करायची, तर एकाच वेळी साडेसहा कोटींहून अधिक लॅपटॉपनी प्रत्येकी १० वॅट वाचवायला हवेत. तेव्हा बॅटरी सेव्हर लावून आपण पृथ्वी वाचविली असा आव आणू नका. लॅपटॉप हे मुळातच काटकसरी यंत्र आहे.

मग मी एवढा आग्रह का धरतो? त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या. तेथे लॅपटॉपपेक्षा टेबलावरचे मोठे संगणक अधिक असतात. समजा, एका प्रयोगशाळेत असे ४० संगणक आहेत. मॉनिटर धरून प्रत्येकाला रिकामा बसलेला असताना ६० वॅट आणि झोपेत २ वॅट लागतात. दोन तासिकांमधील मोकळा वेळ, मधली सुटी आणि संध्याकाळ मिळून ते रोज चार तास विनाकारण जागे राहतात. ४० गुणिले ५८ गुणिले ४ म्हणजे रोज ९ युनिटांहून अधिक. वर्षाचे २०० दिवस धरले तर १,८५० युनिट. जवळजवळ १ टन ४०० किलो कोळसा आणि साडेचार क्विंटलांहून अधिक राख! एवढी बचत करायला काय लागते? ‘दहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर झोप’ अशी एक सूचना प्रत्येक यंत्रात एकदा भरून ठेवणे. एका दुपारचे काम आहे हे.

दुसरे कारण असे, की ही बचत निश्चयावर अवलंबून नाही. दिवा बंद करायची आठवण रोज ठेवावी लागते आणि माणूस ती विसरतो. यंत्राला एकदा सांगून ठेवले, की ते विसरत नाही. सवय लावण्यापेक्षा सोय लावणे सोपे, आणि ते जास्त टिकते.

तिसरे कारण आपल्या गावखेड्यांतील मित्रांचे. जेथे वीज वेळी-अवेळी जाते, तेथे बचत म्हणजे अभ्यासाचे तास. ४५ वॅट-तासांची बॅटरी १५ वॅटने तीन तास चालते. तीच १० वॅटने साडेचार तास चालते. परीक्षेच्या आदल्या रात्री हा दीड तास किती मोठा असतो, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

‘केंद्र तसेही चालूच असते’

एक मोठा आक्षेप मुद्दाम शेवटी ठेवला आहे. कोराडीतही तो ऐकू येतो. केंद्र रात्रंदिवस चालूच असते. मी संगणक बंद केला म्हणून कोणी कोळसा टाकायचे थांबणार आहे का?

सायकलच्या डायनॅमोची आठवण करा. दिवा लावला की पायडल जड लागते, दिवा काढला की हलके. जनित्राचेही तसेच आहे. आपल्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ राखतात. वापर घटला की जनित्रावरचा भार हलका होतो, त्याचा वेग किंचित वाढू लागतो, आणि लगेच नियंत्रक वाफ कमी करतो. वापर आणि निर्मिती यांचा मेळ दर क्षणाला घालावा लागतो, कारण तारेत वीज साठवून ठेवता येत नाही. बॅटऱ्यांत किंवा उंचावरच्या पाण्यात जी साठविता येते, ती एकूण वापराच्या मानाने अजून थोडी आहे.

याचा प्रचंड प्रयोग ५ एप्रिल २०२० रोजी साऱ्या देशाने पाहिला. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवावेत, असे आवाहन त्या टाळेबंदीच्या दिवसांत करण्यात आले होते. दिवे ते केवढे, कोणाचा ९ वॅटचा तर कोणाचा २० वॅटचा. पण देशाची विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. कोराडीच्या त्या मोठ्या तीन संचांसारखे पंधरा संच-त्रयी एकदम नको व्हावेत, असाच हा प्रकार! जलविद्युत केंद्रांनी मुख्यतः हा झोका सांभाळला आणि ग्रिड सुखरूप राहिले. थेंबांचे तळे होते की नाही, हे त्या रात्री वीज अभियंत्यांनी पडद्यावर पाहिले.

कोळशाचा संच असा क्षणात थांबत नाही, आणि त्याला काही मर्यादेखाली मंदही करता येत नाही, हे खरे आहे. पण प्रश्न केवळ आजच्या रात्रीचा नाही. उद्या किती संच लागतील, हे आजच्या मागणीवरून ठरते. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. बाजूनेही लोक बोलले, विरोधातही बोलले. रोजगार हवा, वीज हवी. आणि श्वासाला स्वच्छ हवा, शेताला बिनराखेचे पाणी हेही हवे. हा वाद सोपा नाही, आणि तो मिटविण्याची शक्ती बॅटरी सेव्हरमध्ये नाही. पण जी वीज कोणाच्याही उपयोगी न पडता रिकाम्या खोलीतील पडद्यावर जळते, तिच्यासाठी कोणाच्या शेजारी राखेचे तळे असावे, याचे समर्थन कोणत्याच बाजूला करता येणार नाही. वाद गरजेच्या विजेबद्दल होऊ द्या. बिनगरजेची वीज आधी वजा करा.

तुम्ही स्वतः मोजा

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. ते ‘समजा’ म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या यंत्राचे आकडे तुम्हीच काढा. घरच्या वीजमीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो. शेजारी एक संख्या छापलेली असते. पुष्कळ मीटरवर ती ३,२०० असते. याचा अर्थ, एका युनिटमागे तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून दोन लुकलुकींमध्ये १,१२५ ज्यूल खर्च होतात. तुमच्या मीटरवरची संख्या वेगळी असेल तर त्याप्रमाणे भागाकार करा.

वडीलधाऱ्यांना विचारून पंधरा मिनिटे घरातील बाकीची सर्व उपकरणे बंद करा. शीतकपाट आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स विसरू नका. लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या, नाहीतर ती भरण्याची वीजही मोजली जाईल. मीटरला हात न लावता, लांबूनच, दोन लुकलुकींमधील सेकंद घड्याळावर मोजा. १,१२५ भागिले सेकंद म्हणजे वॅट. ५६ सेकंद लागले तर लॅपटॉप २० वॅट घेतो आहे. ७५ सेकंद लागले तर १५. आता पूर्ण उजेड, निम्मा उजेड, काटकसरीची स्थिती आणि स्लीप असे चार प्रकार करून पहा आणि तक्ता करा. स्लीपच्या वेळी वीस मिनिटांतही लुकलुक झाली नाही, तर घाबरून जाऊ नका. तेच तर उत्तर आहे.

हा तक्ता घेऊन तुमच्या शाळेच्या संगणकाच्या शिक्षकांकडे जा आणि प्रयोगशाळेतील यंत्रांना दहा मिनिटांच्या झोपेची सूचना देता येईल का, ते विचारा. आकडे हाती असलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणणे शिक्षकाला फार जड जाते, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. आणि आपल्या लॅपटॉपमध्ये चार्जर लावलेला असतानाही काटकसर चालू राहील अशी व्यवस्था आजच करून ठेवा. एखादे जड काम निघाले तर ती तेवढ्यापुरती काढावी, काम उरकावे आणि पुन्हा लावावी.

बॅटरीच्या चित्रात टक्के दिसतात. भिंतीतील छिद्रांवर कोणी टक्के लिहिलेले नाहीत. ते मनातल्या मनात लिहायला विज्ञान शिकायचे असते.